परक्या फळ्यापुढे

परदेशी शिक्षक म्हटले की आपणां ख्रिस्ती लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरा झगा, उन्हाने लाल झालेला चेहरा, हातात छत्री आणि मराठी बोलताना नपुंसकलिंगाशी चाललेली झटापट. अशा शिक्षकांनी आपल्या तीन-चार पिढ्या घडविल्या, हे खरेच आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली सुरू झाले, ते जर्मन येशूसंघीयांच्या परिश्रमाने. पहिल्या महायुद्धात हेच जर्मन शिक्षक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व पुढे मायदेशी पाठविण्यात आले. विसाच्या दशकात त्यांची जागा स्पेनहून आलेल्या येशूसंघीयांनी घेतली. जर्मन गेले, स्पॅनिश आले. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती आणि दोघांनीही आपल्या मुलांना इंग्रजीतून शिकविले. ह्या गमतीकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

ह्या चित्रामुळे एक सवय आपल्या मनाला जडली आहे. शिकविणारा समुद्रापलीकडून यायचा आणि आपण बाकावर बसायचे, असे आपण धरून चाललो आहोत. प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेले, तेथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि धर्मशिक्षणाचे व दुभाष्याचे काम करीत करीत १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर ते रक्तसाक्षी झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तेथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. ही दोन नावे मोठी आहेत. त्यांच्या शेजारी आम्हांला आज एक लहान नाव मांडायचे आहे. त्या तरुणाला प्रसिद्धीची हौस नसल्यामुळे ते नाव आम्ही लिहिणार नाही. तो आमच्या धाटावचा, एवढे पुरे.

धाटाव हे रोहा तालुक्यातले, रोहा-कोलाड रस्त्यावरचे गाव. शेजारून कुंडलिका वाहते. सह्याद्रीच्या कुशीत भिऱ्याला टाटांचे वीजकेंद्र आहे. तेथून सोडलेले पाणी कोलाडवरून खाली येते आणि त्यामुळे ही नदी चैत्र-वैशाखातही कोरडी पडत नाही. नदी होती, म्हणून औद्योगिक वसाहत आली आणि रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. चिमण्यांपाठोपाठ माणसे आली. पहिल्या लाटेत घाटावरची व कोकणातली, मागाहून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड इकडची. आमच्या तरुणाचे वडील पहिल्या लाटेत वसईहून आले. कारखान्यात पाळ्यांची नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या, पुढे स्वतःचे छोटे घर. घरात बोली वसईची. आईला तो 'आय' अशीच हाक मारतो.

मुलगा मराठी माध्यमात शिकला. इंग्रजीची गोडी त्याला उशिरा लागली, पण लागली ती कायमची. त्या विषयात त्याने पदव्युत्तर शिक्षण घेतले, दोन-तीन ठिकाणी तात्पुरते शिकविले आणि २०१४ च्या पावसाळ्यात एके दिवशी येऊन आम्हांला सांगितले, "फादर, चीनच्या हुनान प्रांतात नोकरी मिळतेय. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचं." त्याच्या आयच्या चेहऱ्यावर चीन म्हणजे चंद्रापलीकडले काही तरी, असा भाव होता. वडील फक्त एवढेच म्हणाले, "पोराला चांगलं शिकवता येतं, एवढं मला ठाऊक आहे. कुठं ते त्यानं ठरवावं." आम्ही आशीर्वाद दिला आणि महिन्यातून एकदा तरी मराठीत सविस्तर पत्र लिहिण्याची अट घातली. ती त्याने चार वर्षे पाळली. संगणकावर उमटणारी ती पत्रे आम्ही छापून एका फाइलीत ठेवली आहेत. पुढील हकिकत त्या फाइलीतली.

तेथे शिक्षकाला 'लाओशी' म्हणतात. परदेशी शिक्षकासाठी वेगळा शब्द आहे, 'वाइचियाओ'. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकातून आत जाताना शेकडो मुले खिडक्यांतून डोकावून त्याला न्याहाळीत होती, कारण त्यांनी असा वाइचियाओ कधी पाहिला नव्हता. शाळेच्या माहितीपत्रकावर सोनेरी केसांच्या एका हसऱ्या माणसाचे चित्र होते आणि प्रत्यक्षात आला तो आपल्या आळीतल्या कुणाही पोरासारखा सावळा, मिशीवाला. त्याने पत्रात लिहिले होते, "फादर, चित्रातला तो माणूस कोण ते शाळेत कुणालाच ठाऊक नाही. पण माझ्या आधी तोच इथे नोकरीला लागलेला आहे."

दिवस सकाळी साडेसहाला ध्वनिक्षेपकावरच्या संगीताने सुरू होई. मुले मैदानावर रांगांनी धावत. मग वर्गात जाऊन सगळ्यांनी एकदम मोठ्याने वाचन करायचे. आपल्याकडे जुन्या शाळांत पाढे चालत, तसा तो गजर. एका वर्गात पन्नास-पंचावन्न मुले. सकाळच्या तासांमध्ये एकदा पुन्हा संगीत लागे आणि सगळी मुले डोळे मिटून भुवया, कपाळ, नाकाचा उगम बोटांनी चोळू लागत. डोळ्यांचे आरोग्य राखण्यासाठी हा व्यायाम तेथे शाळाशाळांतून घेतला जातो. दुपारी जेवण झाले की सारी शाळा झोपी जाई. मुले बाकावर हातांची उशी करून, शिक्षक आपापल्या खोल्यांत. दोन वाजेपर्यंत चिटपाखरू हलायचे नाही. "कोकणी माणसाला हा देश परका वाटण्याचं कारण नाही," असे ह्या वामकुक्षीवर त्याचे भाष्य होते. संध्याकाळचे जेवण झाल्यावर मात्र मुले पुन्हा वर्गात येत आणि रात्री साडेनवापर्यंत स्वाध्याय चाले. माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी 'गाओकाओ' नावाची महाविद्यालय-प्रवेशाची परीक्षा असते. ती जूनच्या ७ तारखेला सुरू होते. त्या मोजक्या दिवसांसाठी तेथले मूल बारा वर्षे जगत असते, म्हटले तरी चालेल.

पाणी प्यायचे ते गरम. उन्हाळ्यातही गरम. प्रत्येकाजवळ थर्मास. थंड पाणी मागितले तर समोरचा तब्येतीची चौकशी करी. नाश्त्याला तांदळाच्या लांब शेवया, तिखट रश्शात. हुनानचे जेवण झणझणीत असते आणि तेथल्या लोकांना त्याचा अभिमान असतो. स्वयंपाकघरातल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात परक्या मास्तरांना सोसवणार नाही म्हणून मिरची काढून वाढले, तेव्हा ह्याने खुणेने मिरची मागून घेतली. त्या दिवसापासून त्या बाईंची आणि त्याची दोस्ती जमली. भाषा नसताना झालेली त्याची ती पहिली ओळख.

खरी परीक्षा हिवाळ्याची. उत्तर चीनमध्ये इमारती उबदार ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था आहे, दक्षिणेत ती नाही आणि हुनान दक्षिणेत मोडते. बर्फ क्वचित पडे, पण गारठा हाडांत शिरे. मुले जाड कोट घालून वर्गात बसत आणि मास्तर हातमोजे काढून फळ्यावर लिहीत. रोह्याच्या मार्चमधल्या उकाड्याला आपण नावे ठेवीत होतो, त्याची आठवण येऊन आपल्याला हसू येते, असे त्याने जानेवारीतल्या पत्रात लिहिले होते.

आता शिकविण्याविषयी. आठवड्याला अठरा तासिका, पण प्रत्येक वर्गाच्या वाट्याला एकच. व्याकरण आणि परीक्षेची तयारी चिनी शिक्षक करवून घेत. परदेशी शिक्षकाने मुलांना बोलते करायचे. चीनमध्ये २००१ पासून प्राथमिक तिसरीपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण आले. मुले शब्द पाठ करण्यात पटाईत, लेखी परीक्षेत हुशार. पण तोंड उघडायची वेळ आली की मान खाली. तेथले लोकच ह्या इंग्रजीला 'मुकी इंग्रजी' म्हणतात. आम्हांला हे वाचून आमच्या शाळकरी दिवसांची आठवण झाली. आपल्याकडेही अशा मुक्यांची जत्राच होती.

मुलांनी आपल्याला इंग्रजी नावे घेतलेली असत. कुणी ॲपल, कुणी स्नो, कुणी स्काय. एका उंच मुलाने एका अमेरिकन बास्केटबॉलपटूवरून स्वतःचे नाव ठेवले होते, कोबी. आमचा तरुण हजेरी घेताना त्या नावाशी आला की त्याला हसू आवरत नसे आणि मुलांना त्याचे कारण कळत नसे. शेवटी त्याने फळ्यावर कोबीच्या गड्ड्याचे चित्र काढून मराठी अर्थ सांगितला. वर्ग खदखदून हसला, सर्वांत जास्त तो मुलगाच हसला आणि त्या दिवशी प्रथमच त्या वर्गातली मुले आपण होऊन इंग्रजीत प्रश्न विचारू लागली.

तोही शिकत होता. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'मा' हा एकच उच्चार चार सुरांत केला तर आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ निघतात. बाजारात बोलताना त्याचे सूर चुकत आणि भाजीवाल्या आजीबाई त्याला पुन्हापुन्हा म्हणायला लावीत. हुनानच्या लोकांच्या बोलीत 'न' आणि 'ल' यांची अदलाबदल होते, 'ह' चा 'फ' होतो. 'हुनान' ला ते 'फुलान' म्हणतात आणि त्यावरून इतर प्रांतांचे लोक त्यांची थट्टा करतात. मुलांच्या इंग्रजीतही हीच अदलाबदल उतरे. त्याने कधी मुलांची टर उडविली नाही. आपल्या आळीतली माणसे 'स्कूल' ला 'इस्कूल' म्हणतात आणि जीभ आईकडून मिळालेली असते, हे त्याला ठाऊक होते.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसे. सबंध वर्षभर तिने तोंड उघडले नाही. तिचे आईवडील शेकडो मैलांवर ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यात कामाला होते आणि ती आजीजवळ राहत होती. हुनानच्या खेड्यांत अशी हजारो मुले आहेत. वसंतोत्सवाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, आईबाप घरी येतात, चार दिवस राहतात आणि पुन्हा जातात. एकदा तासाला त्याने सांगितले, की इंग्रजी ही माझीही मातृभाषा नाही, माझ्या आईला ती येत नाही, मीही तुमच्यासारखाच अडखळत ती शिकलो. वर्ग चकित झाला. तेव्हा त्या मुलीने हात वर केला आणि एकेक शब्द शोधीत विचारले, "मग तुम्ही आईला कशी हाक मारता?" त्याने फळ्यावर देवनागरीत लिहिले, 'आय', आणि उच्चार करून दाखविला. ती मुलगी पहिल्यांदाच हसली. "सर, आमच्या भाषेत ह्याचा अर्थ प्रेम," असे ती म्हणाली. चिनी भाषेत प्रेमाला असलेला शब्द खरोखर तसाच उच्चारला जातो. योगायोगच तो, भाषाशास्त्रात त्याला काही किंमत नाही. पण त्या दिवशी एका मुलीची जीभ सुटली आणि पत्र वाचताना धाटावच्या एका माऊलीच्या डोळ्यांत पाणी आले. ते पत्र आम्हीच तिला वाचून दाखविले होते.

ह्या पत्रांना उत्तर लिहिताना आम्ही त्याला एका जुन्या प्रवाशाची ओळख करून देत असू. १५७८ च्या सप्टेंबरात मत्तेओ रिची नावाचा पंचविशीतला इटालियन येशूसंघीय गोव्याला उतरला. चीनमध्ये जाण्यापूर्वीची सुमारे चार वर्षे त्याने गोवा आणि कोचीन येथे शिकण्यात व शिकविण्यात घालविली. कोचीनला १५८० साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. त्याच सुमारास, म्हणजे १५७९ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला आले. एकाच संघाचे हे दोन तरुण एकाच काळात ह्या किनाऱ्यावर होते. एकाने पुढे मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. दुसरा १५८२ साली मकावला पोहोचला आणि चिनी अक्षरे गिरवू लागला. स्वर्गाला स्टीफन्स 'वैकुंठ' म्हणाले. चीनमधल्या येशूसंघीयांनी परमेश्वरासाठी 'तिएनझू', स्वर्गाचा स्वामी, हा शब्द रूढ केला. कॅथलिक धर्माला आजही चीनमध्ये त्याच शब्दावरून नाव आहे.

रिचीच्या चरित्रातली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. गोव्याच्या विद्यालयात स्थानिक भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांच्या उच्च अभ्यासाला बसू देऊ नये, नाही तर ते गर्विष्ठ होतील, असा विचार काही वरिष्ठांनी मांडला. १५८१ साली ह्या तरुण शिक्षकाने रोमला पत्र लिहून त्याला हरकत घेतली. विद्या मिळाल्याने युरोपियन गर्विष्ठ होत नाही काय, मग भारतीयालाच ती का नाकारावी, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पुढे चीनमध्ये गेल्यावर ह्याच वृत्तीने त्याने आधी विद्यार्थ्याची जागा पत्करली. बौद्ध भिक्षूंचा वेष घालून पाहिला, तो लोकांना रुचला नाही, तेव्हा १५९५ पासून तो विद्वानांचा पोशाख घालू लागला. मैत्रीवर चिनी भाषेत छोटे पुस्तक लिहिले. १६०२ च्या जगाच्या नकाशात त्याने चीन मध्यभागाजवळ येईल अशी मांडणी केली. श्यू ग्वांगछी ह्या चिनी विद्वानाबरोबर बसून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले, ते १६०७ साली. १६१० साली तो पेइचिंगमध्ये वारला, तेव्हा त्या परक्या माणसाच्या दफनासाठी बादशहाने जागा दिली. अठ्ठावीस वर्षे तो फळ्यापुढे होता आणि त्या साऱ्या काळात तो शिकतच राहिला.

डॉ. कोटणीसांचेही तेच. काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. १९३९ च्या आरंभी येनानला पोहोचले. चिनी बोलायला शिकले, वाचायला शिकले. १९४१ च्या आरंभी नॉर्मन बेथ्यून ह्या कॅनडियन शल्यविशारदाच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि त्याला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. रणधुमाळी पेटलेली, औषधांची टंचाई, आज ह्या खेड्यात तर उद्या त्या डोंगरात, अशा स्थितीत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे लिहावयास घेतले. त्याच शाळेत शिकविणाऱ्या गुओ चिंगलान ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे नाव घरोघरी पोहोचले. आमच्या तरुणाला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. तो भारतीय आहे असे कळताच गावातले एक वृद्ध निवृत्त शिक्षक पुढे येऊन म्हणाले होते, "क दीहुआ." ते कोटणीसांचे चिनी नाव. आपला बराचसा परकेपणा त्या एका नावाने पुसला, असे त्याने लिहिले होते.

परंतु नावे जे पुसतात ते कागद पुन्हा लिहितात. चीनमध्ये परदेशी कामगारांसाठी नवी परवाना-पद्धत आली आणि एप्रिल २०१७ पासून ती देशभर लागू झाली. त्या नियमांनुसार भाषाशिक्षकाने साधारणपणे आपल्या मातृभाषेचेच अध्यापन करावे, त्याच्याजवळ पदवी व दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी अपेक्षा धरली गेली. इंग्रजीच्या बाबतीत ह्याचा व्यवहारातला अर्थ असा, की अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा मोजक्या देशांचे पारपत्र हवे. आमच्या तरुणाचा परवाना संपला तेव्हा तो वाढवून मिळाला नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात तो परत आला. निरोपाच्या दिवशी मुलांनी एका मोठ्या कागदावर सह्या करून दिल्या. त्या सह्यांमध्ये एक 'कोबी' आहे आणि एका कोपऱ्यात वाकड्यातिकड्या देवनागरीत 'आय' लिहिलेले आहे.

आपल्या शाळांत कुणी शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तेथे तेव्हा फसवे परदेशी शिक्षकही पुष्कळ माजले होते, हेही ऐकून आहोत. २०२१ साली तर खासगी शिकवण्यांवरच तेथे कडक निर्बंध आले आणि पारपत्रवाल्यांपैकीही कितीतरी जणांना गाशा गुंडाळावा लागला. आम्हांला अस्वस्थ करतो तो नियमामागचा समज, कारण तो आपल्या घरातही आहे. भाषा जन्माने येते, कष्टाने येत नाही, असा तो समज. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा असल्याचे सांगणारे भारतीय सुमारे २ लाख ६० हजार भरले. उरलेल्या करोडोंनी ती कमावली आहे. तरीही मुलाला शाळेत घालताना आईबाप विचारतात, शिकविणाऱ्या बाई कॉन्व्हेंटच्या आहेत ना? मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षकाचे इंग्रजी कितीही चोख असो, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. सोनेरी केसांचे चित्र केवळ हुनानच्या माहितीपत्रकावर आहे, असे समजू नये.

सेमिनरीत आम्हांला इंग्रजी शिकविणारे वृद्ध फादर स्पॅनिश होते. 'व्हेरी' चा उच्चार ते 'बेरी' असा करीत आणि आम्ही पोरे मागे बसून त्यांची नक्कल करीत असू. विशी उलटल्यावर ते इंग्रजी शिकले होते. शिकवून शिकवून केस पिकले, तरी प्रत्येक तासाच्या आदल्या रात्री शब्दकोश उघडून बसत. एखाद्या मुलाला वाक्य जमेना की ते घाई करीत नसत. "मी ह्याच दगडाला अडखळलो होतो," असे म्हणून ते त्याच्याबरोबर त्या वाक्यापाशी थांबत. ज्याने वाट स्वतः तुडविली आहे, त्यालाच तिच्यातले खड्डे ठाऊक असतात. आम्ही आज इंग्रजीत जे काही वाचतो-लिहितो, ते त्या 'बेरी गुड' च्या बळावर.

आमचा तरुण परत आला तेव्हा लोक कुजबुजले. कुणी म्हणाले, चार वर्षे वाया गेली. कुणी म्हणाले, आखातात गेला असता तर घर झाले असते. तो काही बोलला नाही. रोह्याला त्याने एक साधी नोकरी धरली. पुढे काही महिन्यांनी त्याने आमच्याकडे संध्याकाळसाठी एक खोली मागितली. आमच्या मिस्साबलीला मागच्या बाकांवर झारखंडची काही कुटुंबे बसतात. त्यांची घरची भाषा कुडुख किंवा मुंडारी किंवा सादरी. पोरे येथल्या शाळेत जातात, तेथे सारे मराठीत. वर्गात गप्प बसतात, म्हणून मंद ठरतात. आईबाप पाळीवर. धाकट्यांना थोरली पोरे सांभाळतात. आमच्या तरुणाने त्या मुलांना पाहिले आणि त्याला ती ओळखीची वाटली, कारण हुनानच्या शेवटच्या बाकावर तो त्यांना भेटला होता.

आठवड्यातले तीन दिवस तो त्यांना मराठी शिकवितो आणि थोडे इंग्रजीही. पहिल्या आठवड्यात त्याने त्यांच्याकडून वीस कुडुख शब्द शिकून घेतले आणि वहीत लिहून ठेवले. शब्द चुकला की पोरे खिदळतात आणि त्याला पुन्हा म्हणायला लावतात. हा उद्योग त्याला भाजीवाल्या आजीबाईंनी शिकविला. त्यांतली एक मुलगी यंदा शाळेच्या कार्यक्रमात चार वाक्ये मराठीत बोलली. तिच्या बापाने पाळी बदलून घेतली होती आणि तो दाराशी उभा राहून ऐकत होता. शब्द त्याला किती कळले असतील कोण जाणे. पण पोरीचे बोलणे संपले तेव्हा पहिली टाळी त्याची होती.

धाटावपासून कुंडलिका पुढे रोह्याला वळसा घालून रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी कोर्लई आहे. तेथल्या आपल्या कॅथलिक बांधवांच्या घरांत पोर्तुगीजातून उपजलेली एक बोली अजून बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता तेथून १७४० साली गेली. किल्ला ओस पडला, तोफा गंजल्या. बोली राहिली, कारण आयांनी ती लेकरांशी बोलायला घेतली होती. बोलणारे मोजके शेकडो आहेत, पण त्या भाषेला ते ज्या नावाने ओळखतात, त्याचा अर्थ आहे 'आपली भाषा'. समुद्रापलीकडून, तलवारीबरोबर आलेली ती भाषा, आणि तिचे नाव 'आपली'! भाषा कोणाची, असा प्रश्न पडला म्हणजे आम्हांला कोर्लईची आठवण होते. जो तिच्यात आपल्या मुलाला जवळ घेतो, तिची चूक सोसतो, तिच्यासाठी रात्री शब्दकोश उघडतो, त्याची ती होते.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत, विशेषतः जेथे कारखाने आहेत तेथे, अशी मागच्या बाकांवरची कुटुंबे आता सर्वत्र आहेत. त्यांना शिकविण्यासाठी चीनला जाऊन येण्याची गरज नाही. परदेशी शिक्षकाची नोकरी आपल्या अंगणातही उपलब्ध आहे, तिला पारपत्र लागत नाही आणि पगार नाही. सुरुवात कशी करावी, असे आम्ही आमच्या तरुणाला एकदा विचारले. तो म्हणाला, "फादर, त्यांच्याकडून आधी एक शब्द शिकायचा. बाकीचं पोरं सांभाळून घेतात."